पडद्यावरची जुळी

ही गोष्ट घडायला अजून वीसेक वर्षं आहेत. पण तोवर थांबायला कुणाला सवड आहे? म्हणून घडून गेली असं समजूनच ऐका.

गडहिंग्लजची प्रणाली खोचरे शाळेची बस चालवायची. बस विजेवरची, चालताना मांजराएवढाही आवाज न करणारी, त्यामुळे सगळी भिस्त हॉर्नवर. आणि हॉर्न असा, की माळावरच्या वळणावर वाजवला तर तिकडं संकेश्वरात झोपलेली म्हैस उठून धार काढायला उभी राहायची. असं लोक सांगत. म्हशीला कुणी विचारलं नव्हतं. त्या काळात बाकीच्या गाड्या आपापल्या चालायच्या, माणसं आत बसून घोरायची. पण शाळेच्या बसला हाडामासाचाच ड्रायव्हर पाहिजे, असा कायदा पालकांनी भांडून करून घेतला होता. त्या ड्रायव्हरचं डोकं पहाटे लख्ख पाहिजे, झोपेचं-गुंगीचं कसलंही औषध त्याच्या अंगात असता कामा नये, हेही त्यातच होतं. डॉक्टरला तसं काही कळलं, तर त्यानं कळवलंच पाहिजे. कळवलं की स्टेअरिंग सुटलं.

प्रणालीला आपल्या स्टेअरिंगचा भारी अभिमान. नवरा सुशांत गमतीनं म्हणायचा, "हिला आधी बस, मग लेक, मग सासू, आणि जागा उरलीच तर मी. तेबी उभ्यानं."

लेक म्हणजे शर्वरी. वय पंधरा, कबड्डीत चढाईला एक नंबर, आणि सध्या जबड्यात एक अक्कलदाढ आडवी अडकलेली. गाल असा सुजलेला, की आत लिंबू ठेवून विसरलीय म्हणावं.

आजी शालनबाईंचं मत स्पष्ट होतं. "आमच्या येळंला दाढंला दोरा बांधायचा, दुसरं टोक रेड्याच्या शेपटीला. रेडा उधळला की काम झालं."

"आज्जी, आणि रेडा न्हाई उधळला तर?"

"तर आपण उधळायचं!"

रेड्याची सोय नसल्यामुळे सगळे मिरजेला एका दवाखान्यात गेले. तिथं भूल द्यायचं काम डॉ. मुमताज नदाफ यांच्याकडं. बुटक्या, चष्मा कपाळावर सरकवून शोधत बसणाऱ्या, बोलायला मोकळ्या. दाढ हाडात रुतलेली, म्हणून पोरीला गाढ गुंगी द्यायची, पण नळी न घालता. श्वास तिचा तिनंच घ्यायचा. सगळी कसोटी औषधाच्या मापाची.

"लहान मुलांचं सोपं असतं," डॉक्टर म्हणाल्या. "वजन बघायचं, हिशेब करायचा. मोठ्यांचंही बरंचसं ठरलेलं. अडचण ह्यांची. पंधराव्या वर्षी शरीर म्हणजे काम चालू असलेलं घर. यकृत मोठ्या माणसासारखं झपाझप औषध मोडायला लागलेलं, मेंदू अजून पोराचाच. आज अंगात पाणी जास्त, चार महिन्यांनी चरबी जास्त. एकाच वजनाच्या दोन मुली घ्या. जेवढ्या औषधात एकीला नुसती जांभई येते, तेवढ्यातच दुसरी श्वास घ्यायचं विसरते."

प्रणालीनं लेकीचा हात धरला. तिनं तो लगेच सोडवून घेतला. पंधराव्या वर्षी हात धरून घ्यायचा नसतो.

"घाबरू नका. आता अंदाज करत नाही आम्ही. आधी हिची जुळी करतो." डॉक्टरांनी डबीतून मसुराएवढी तांबूस टिकली काढली आणि शर्वरीच्या कपाळावर चिकटवली. "ही मेंदूच्या लहरी वाचते, नाडी वाचते, घाम चाखते. आणि रात्री कातडीतून गुंगीचं औषध सोडते. कणभर. त्यानं डाससुद्धा झोपणार नाही. मग मेंदू त्याला किती दाद देतो आणि अंग ते किती वेळात बाहेर टाकतं, एवढं बघत बसते. त्यावरून पडद्यावर हिची जुळी उभी राहते, आतून अगदी हिच्यासारखी. डोस आधी जुळीला. ती सुखरूप झोपली आणि सुखरूप उठली, तरच हिला."

मग यंत्रानं मंजुळ आवाजात शर्वरीला चार प्रश्न विचारले आणि ती पेशंट मुलगा असल्याची नोंद केली. कारण कोल्हापूरकडच्या पोरी "मी जेवलो, मी झोपतो" असंच बोलतात, आणि यंत्र शिकलं होतं पुण्यात. डॉक्टरांनी कपाळावरच चष्मा असताना तो टेबलावर शोधला, मग दुरुस्ती केली आणि बजावलं, "सोमवारी सकाळपर्यंत टिकली हलवायची नाही."

सोमवारी सगळे पुन्हा हजर. शर्वरी उपाशी, त्यामुळे घुश्श्यात. टिकलीतलं सगळं यंत्रानं शोषून घेतलं आणि पडद्यावर निळसर आकृती आडवी झाली. छाती वर-खाली होत होती.

"हिला नाक का न्हाई गं?" शालनबाईंनी विचारलं.

"आज्जी, नाकाला भूल द्यायची न्हाई, गप की."

डॉक्टरांनी जुळीला नेहमीच्या मापाचा डोस दिला. पडद्यावर वेळ भरभर पळतो. मिनिटं चुटकीत जातात. जुळी जागीच. डोस वाढवला. जागी. आणखी वाढवला, तेव्हा तिनं कूस बदलल्यासारखं केलं. नेहमीच्या दुपटीपलीकडं गेल्यावर कुठं ती निवांत झोपली. आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी अक्षरं उमटली.

डॉक्टरांनी ती वाचली. चेहरा होता तसाच ठेवून म्हणाल्या, "घरच्यांनी जरा बाहेर बसा. मला शर्वरीशी बोलायचंय."

बाहेरच्या बाकावर शालनबाई जपाचा वेग वाढवून बसल्या. सुशांत उभा राहिला, बसला, उभा राहिला. प्रणालीनं आयुष्यात इतक्या घाटांतून बस काढली होती. पण बंद दारापलीकडं काय चाललंय हे न दिसणं, हे तिला कुठल्याही धुक्यापेक्षा वाईट वाटलं.

आत बोलावलं तेव्हा शर्वरी मान खाली घालून बसली होती.

"तिनं मला सांगायची परवानगी दिलीय, म्हणून सांगते," डॉक्टर म्हणाल्या. "टिकलीला घामात झोपेच्या गोळ्यांचा अंश सापडला. एखाद्या दिवसाचा नाही, बऱ्याच दिवसांच्या सवयीचा. म्हणून तर जुळी औषधाला दाद देत नव्हती, मेंदू सरावलाय. शर्वरीनं ते मान्य केलंय."

"गोळ्या?" सुशांतचा आवाज चिरकला. "झोपंच्या? आगं तुला झोपंची गोळी कशाला? तू तर जेवताना झोपतीस! कुठनं आणलीस? कुणी दिली?"

"मीच घेतो," शर्वरी जमिनीकडं बघत म्हणाली. "अभ्यासाचं टेन्शन येतंय म्हणून. मीच आणलो."

"तुला? अभ्यासाचं?" शालनबाईंनी कपाळाला हात लावला.

गोळ्या कुठं असतात हे प्रणालीला पक्कं ठाऊक होतं. बसमधल्या प्रथमोपचाराच्या पेटीत, कापसाच्या गुंडाळीखाली. तिच्या स्वतःच्या. पहाटे पोरं रस्त्याकडेला थंडीत उभी असतील आणि आपण झोपून राहिलो तर, ह्या धास्तीनं तिला झोपच यायची नाही. झोप लागावी म्हणून एकदा गोळी घेतली. मग आणखी एकदा. मग गोळीवाचून डोळा लागेना. सुशांतला ठाऊक नव्हतं, सासूला ठाऊक नव्हतं, आणि कायद्याला तर ठाऊक होऊच द्यायचं नव्हतं. घेतल्यावर पहाटेपर्यंत उतरते, असं ती स्वतःला रोज सांगायची.

म्हणजे पोरीनं आपल्याच पेटीतनं चोरल्या! तिला लेकीच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली आणि त्याच दमात स्वतःच्या चार.

"कारण कळलं हे बरं झालं," डॉक्टर म्हणत होत्या. "ओरडायचं-रडायचं नंतर. आता निदान जुळी एवढं का मागते ते समजलं. तिच्या मापानंच डोस भरते." त्यांनी यंत्राला सांगितलं, आणि भिंतीलगतच्या पंपात औषध चढायला लागलं. "हे बघा, रात्रीची झोपसुद्धा किती विस्कटलीय. उशिरा, एकदम दगडासारखी झोप, आणि पहाटे कोंबडं आरवायच्या आधी टक्क जाग. रविवार असून."

शालनबाईंचा जप थांबला. "कोण? ही? पहाटं?" त्यांनी पडद्याकडं बघितलं, नातीकडं बघितलं. "डॉक्टरीणबाई, तुमचं यंत्र येडं हाय. ह्या पोरीनं जन्मल्यापासनं पहाट बघितली न्हाई. जन्मलीबी दुपारी, जेवणाच्या वक्ताला."

प्रणालीच्या डोळ्यांपुढं तिच्या घरच्या न्हाणीतला आरसा उभा राहिला.

आपल्याकडच्या कुठल्याही घरातला आरसा घ्या. त्याच्या कडेला टिकल्यांची रांग असते. तोंड धुवायला जाताना बाई कपाळावरची टिकली काढते, आरशाला चिकटवते, येताना हाताला लागेल ती परत लावते. विचार करून कुणी लावत नाही; श्वासासारखं आहे ते. शनिवारी कबड्डीवरून आलेल्या घामट शर्वरीनं, न्हाताना टिकली हलवायची नाही हे साफ विसरून, आजवर घरातल्या बायकांनी जे केलं तेच केलं. बाहेर येताना आईची तसलीच टिकली लावून आली. आणि नंतर तोंड धुवायला गेलेल्या प्रणालीनं मसुराएवढी तांबूस टिकली स्वतःच्या कपाळावर लावली, गोळी घेतली आणि झोपली. सोमवारी सकाळी पुन्हा आंघोळी, पुन्हा आरसा, पुन्हा अदलाबदल, आणि टिकली पोरीच्या कपाळावर परत.

टिकली दोन रात्री कुणाची झोप मोजत होती?

तिनं शर्वरीकडं बघितलं. शर्वरी तिच्याचकडं बघत होती. नजरेनं ती सांगत होती, मम्मी, गप. पेटीतल्या गोळ्या पोरीनं कधीच बघितल्या होत्या. डॉक्टरांनी विचारताच तिनं मनातल्या मनात चढाई केली, गडी टिपला, आणि आईचं स्टेअरिंग वाचवून रेषेवर परत आली. तेवढंच तिला दिसलं होतं. आपण होय म्हटलं की तो दुपटीचा डोस आपल्याच अंगात जाणार, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या डोसचा पहिला हप्ताच एवढा होता, की तिचं खरं अंग श्वास विसरलं असतं.

प्रणालीला बस दिसली. वळणावर हात हलवत धावत येणारी पोरं दिसली. आणि पंपात चढत जाणारा तो बिनरंगी औषधाचा थर दिसला.

"डॉक्टर, ते थांबवा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. पण पोरांनी भरलेली बस एका शब्दात शांत करणाऱ्या बाईचा होता. "ती खोटं बोलती. गोळ्या मी खातो. टिकली माझ्या कपाळावर होती."

"मम्मी!"

"तू बस खाली. लई शानी झालीस!" आणि तिथंच, सगळ्यांदेखत, तिनं आरशाची सगळी हकिगत सांगितली. मग म्हणाली, "मी शाळेची बस चालवतो, डॉक्टर. तुम्हाला कळवाय लागंल. कळवा. पण ते औषध आधी खाली ओता."

डॉक्टर नदाफांनी पंप बंद केला, नळी काढली, औषध बेसिनमध्ये ओतलं. मग खुर्चीत बसल्या. चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. "भूल द्यायला बसलेल्या माणसाकडून भूल झाली असती आज," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी यंत्राला विचारलं: कपाळ बदललेलं तुला कळलं नाही?

कळलं होतं. त्यानं प्रामाणिकपणे दाखवलं: शनिवारी संध्याकाळी नाडी बदलली, घाम बदलला, मेंदूची चाल बदलली. पण रक्ताचा ठेवा निम्मा तोच, मायलेकींचा. आणि ह्या वयाची पोरं रात्रीतून पालटतात, हे त्याला शिकवणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा शिकवलं होतं. म्हणून त्यानं तो सगळा बदल पोटात घातला. म्हणजे जगातल्या सगळ्या आत्या-मावश्या जे म्हणतात, तेच त्या शहाण्या यंत्रानं म्हटलं होतं: वयच तसं आहे.

सुशांत बायकोशेजारी जाऊन बसला. म्हणाला, "मला सांगायचं की गं. पहाटं मी उठवलो असतो तुला."

"तू?" रडतारडता प्रणालीला हसू फुटलं. "तुला उठवायला मला हॉर्न लावाय लागतोय."

शर्वरीला दवाखान्यातच ठेवून घेतलं, नवी टिकली लावली. शालनबाईंनी वॉर्डातल्या बाथरूमच्या आरशावर टॉवेल बांधला आणि दाराशी खुर्ची टाकून बसल्या. दुसऱ्या पेशंटांना तोंड धुवायचं तर आधी कपाळ दाखवावं लागे. एक मिशीवाले गृहस्थसुद्धा सुटले नाहीत.

नवी जुळी उभी राहिली, आणि पहिल्या जुळीला जेवढं लागलं त्याच्या निम्म्याहूनही कमी औषधात शांत झोपली. उठली. मगच शर्वरीला तोच डोस मिळाला. डोळे मिटता मिटता ती डॉक्टरांना म्हणाली, "थोडं आज्जीला पण द्या, लई बोलती," आणि गेली. छाती वर, खाली, वर, खाली. पडद्यावरच्या जुळीच्या आणि तिच्या श्वासाचा ठेका एक होता. काचेपलीकडून प्रणाली तो ठेका ऐकत उभी होती. आयुष्यात तिनं देवापुढं नवस बोलले होते, नारळ फोडले होते. पण इतक्या मनापासून आभार तिनं कधी मानले नव्हते, आणि ते नेमके कुणाचे मानायचे हेही तिला कळत नव्हतं. डॉक्टरांचे, पोरीचे, की सासूच्या तोंडाचे?

दाढ निघाली. शालनबाईंनी ती मागून घेतली आणि गावभर दाखवली. दर घरी ती थोडी मोठी होत गेली.

डॉक्टरांनी कळवलं. प्रणालीचं स्टेअरिंग सुटलं. पण त्याच पत्रात त्यांनी लिहिलं होतं, की बाईनं स्वतःहून सांगितलं, आणि गोळ्या सुटल्याची खात्री मी देईन. मग त्यांनी प्रणालीचीही जुळी केली. गोळी एकदम बंद केली तर अंग बंड करतं. म्हणून दर आठवड्याला किती कमी करायची, ते आधी जुळीवर बघायचं, जुळीनं सोसलं की प्रणालीनं. सुरुवातीच्या रात्री वाईट गेल्या. सुशांत शेजारी बसायचा आणि तिच्यासोबत जागायच्या ऐवजी स्वतःच झोपायचा. त्याच्या घोरण्याचाच पुढं तिला आधार झाला.

गावात आधी कुजबुज झाली. ज्या बाईच्या हाती पोरं सोपवली, ती गोळ्या खात होती म्हणे. ते खरंच होतं आणि प्रणालीनं ते ऐकून घेतलं. मग एका दुपारी शाळेचे एक सर दारात आले, इकडचं तिकडचं बोलले, आणि जाताना हळूच म्हणाले, "त्या मिरजेच्या डॉक्टरांचा नंबर मिळंल का?" मग बँकेतली एक बाई. मग एक किराणावाला. मग प्रणालीबद्दल सर्वांत जास्त कुजबुजलेली शेजारीण. अर्धं गडहिंग्लज दिवे मालवून टक्क जागं होतं, हे तोवर कुणाला ठाऊकच नव्हतं.

"सगळ्यास्नी टिकली लावा," शालनबाई म्हणाल्या, "बाप्यास्नीबी. गोजिरं दिसतील."

शेवटची गोळी सुटली आणि अंगात अंशही उरला नाही, त्या दिवशी प्रणाली स्टेअरिंग परत मिळायच्या कागदावर सही घ्यायला मिरजेला गेली. सोबत शर्वरी होती. ह्या खेपेला हात तिनंच धरला होता. डॉक्टरांनी सही दिली आणि मग जरा घुटमळल्या.

"एक काम राहिलंय. चुकलेली जुळी पुसून टाकायची, असा नियम आहे. तुमचं सगळं मार्गी लागेपर्यंत मी ती ठेवली होती. तुम्हाला बघायचीय?"

पडद्यावर ती आली. पहिली. निम्मी आई, निम्मी लेक, जगात कुठंच नसलेली. दुपटीपलीकडचा डोस हिनंच घेतला होता. हिनं दाद दिली नाही म्हणून पिवळी अक्षरं उमटली, म्हणून दार बंद झालं, म्हणून सगळं उघडलं. तेव्हापासून ती तशीच निजली होती. तिला उठवायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. निळी छाती सावकाश वर-खाली होत होती.

"ही माझी कोण, मम्मी?" शर्वरीनं विचारलं. "बहीण म्हणायची की तू म्हणायची?"

प्रणाली पुढं झाली, तिनं पडद्यावरच्या नाक नसलेल्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले, आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. कडाकडा, दहाच्या दहा.

डॉक्टरांनी बोट बटणावर नेलं.

"सावकाश, डॉक्टर," प्रणाली म्हणाली, "झोपलीया ती."